चित्रकार हयात आहेत तोवरच त्यांची चित्रं घेऊया : वाचनालयाच्या नव्या संग्रहासाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

आपल्या वाचनालयाचा वरचा हॉल गेली कित्येक वर्षं मोडक्या खुर्च्या आणि रद्दी ठेवायलाच होता, तो आता रिकामा करून घेतलाय. कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली (ती कधी होत नाही?), पण शेवटी ठरलं की तिथं कोल्हापूर आणि आसपासच्या आजच्या, म्हणजे हयात चित्रकार-शिल्पकारांच्या कामाचा कायमचा संग्रह करायचा. प्रदर्शन नव्हे, संग्रह. प्रदर्शनं आपल्याकडं होतातच की, शाहू स्मारकला कायम काहीतरी लागलेलं असतं आणि त्यातली बरीच चांगली असतात. पण उद्घाटनाचा फोटो पेपरात येतो, पाहुणे चहा घेऊन जातात, शेवटच्या दिवशी रात्री चित्रं टेम्पोत भरून परत चित्रकाराच्या घरी, आणि तिथनं पुढं त्यांचं काय होतं याचा कोणालाच पत्ता नसतो.

आपण स्वतःला कलापूर म्हणवून घेतो. आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर या आपल्या जुन्या चित्रकारांची नावं घेतली की छाती फुगते, फुगायलाच पाहिजे. पण आबालाल मास्तरांची गोष्ट पूर्ण आठवा. १९२२ ला शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात मास्तरांनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडून दिली असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आपण ती गोष्ट मोठ्या भक्तिभावानं सांगतो, डोळे पुसतो, पण एक साधा प्रश्न विचारत नाही, की एवढी चित्रं त्यांच्याचकडं का पडून होती? राजाश्रय होता तोवर ठीक, तो सुटला तेव्हा ती ठेवायला गावात दुसरी जागाच नव्हती. आज टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांची जी चित्रं बघायला मिळतात त्यांच्यासमोर उभं राहिलं की कळतं काय गेलं असेल. आणि आजची परिस्थिती फार वेगळी आहे असं समजू नका. आताच्या चित्रकाराला तलावाची पण गरज नाही. भाड्याचं घर बदललं, पोरांची लग्नं झाली, पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, एवढं पुरतं. २०१९ च्या पुरात लोकांनी गाद्या, भांडी, कागदपत्रं माळ्यावर टाकली. पाच फुटी कॅनव्हास माळ्यावर बसत नाही ओ.

आता थोडं स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. या संग्रहासाठी आम्ही चित्रकारांकडं चित्रं देणगी म्हणून मागणार नाही आहोत. पहिल्याच मीटिंगमध्ये दोघा-तिघांनी ते सुचवलं होतं, 'अहो देतील की आनंदानं, नाव होईल त्यांचं'. नाव होईल हे वाक्य प्रत्येक चित्रकारानं आयुष्यभर ऐकलेलं असतं. कुठल्या तरी ट्रस्टचा लिलाव आहे, एक चित्र द्या, मंडळाची स्मरणिका आहे, कव्हर करून द्या, साहेबांचा सत्कार आहे, पोर्ट्रेट द्या. एका ऑफिसात असंच सत्कारात मिळालेलं एक निसर्गचित्र आमच्यातल्या एकानं बघितलं, कपाटामागं भिंतीला तोंड करून, वर फायलींचे गठ्ठे. फुकट आलेल्या वस्तूचं हे असंच होतं. त्यामुळं आम्ही विकत घेणार, रक्कम लहान असली तरी ठरलेली, चेकनं किंवा ऑनलाईन, पावतीसकट. आणि म्हणूनच हे आवाहन आहे, कारण त्याला पैसे लागतात.

'समकालीन कला म्हणजे मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांचं काम, वाचनालयानं कशाला त्यात पडायचं' असं विचारणाऱ्यांना दोन उदाहरणं. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संस्थेच्या बजेटमधला एक टक्का चित्रांसाठी बाजूला काढायची परवानगी नेहरूंकडून मिळवली आणि हुसेन, आरा, गायतोंडे अशा तेव्हा तरुण असलेल्या चित्रकारांची चित्रं घ्यायला सुरुवात केली. भौतिकशास्त्राची संस्था ही! त्यांच्या कॉरिडॉरमध्ये आज जे लागलंय ते जमवायचं आता कोणी ठरवलं तर जमणार नाही. दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये डोंगरावर चित्रसंग्रहालय उभं केलं, तिथं रविवर्म्याची चित्रं बघायला सगळे जातात, पण त्याच संग्रहात हेन्री मूरचं एक आई-मुलाचं शिल्प पण आहे. मूर १९३८ ला चाळीस वर्षांचा होता, म्हणजे औंधच्या मानानं तो 'आजचा' शिल्पकार. एवढंसं संस्थान, पण नजर बघा.

पैशाचं म्हणाल तर हुसेनचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' हे चित्र दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरनं तेव्हाच घेतलं, पुढं ते ऑस्लोच्या हॉस्पिटलकडं गेलं, तिथं भिंतीवर वर्षानुवर्षं होतं, आणि मार्च २०२५ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ते साधारण ११८ कोटी रुपयांना गेलं. नागपुरात जन्मलेले आपले वासुदेव गायतोंडे २००१ ला दिल्लीत गेले तेव्हा किती मराठी घरांना त्यांचं नाव माहीत होतं? २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र जवळजवळ ४० कोटींना विकलं गेलं. हे आकडे वाचून लगेच 'मग आपलं पण चित्र पुढं कोटीत जाईल का' असं विचारणारे फोन येणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, जाणार नाही. म्हणजे एखादं गेलं तर गेलं, पण आम्ही विकणार नाही, ठरावात तसं लिहिलंय. आकडे सांगायचं कारण एवढंच की चित्र स्वस्त असतं तेव्हाच सार्वजनिक संस्थेला परवडतं. एकदा बाजारानं नाव उचललं की आपण नुसते बातम्या वाचत बसणार.

पैशापेक्षाही मोठा फायदा म्हणजे चित्रकार समोर असतो. कुठला रंग वापरला, कॅनव्हास स्वतः ताणला का तयार घेतला, हे चित्र कशावरून सुचलं, उलटं टांगलंय का सरळ (हसू नका, अमूर्त चित्राच्या बाबतीत हा अगदी खरा प्रश्न आहे) हे सगळं त्याला विचारता येतं. माणूस गेल्यावर घरचे सांगतात, 'त्यांचं ते काहीतरी चालायचं खोलीत.'

आता अडचणी, आणि त्या भरपूर आहेत. पहिली, काय घ्यायचं. समकालीन म्हणजे नुसता कॅनव्हास राहिलेला नाही. मागं एका विद्यार्थिनीनं चिपाडं, काहिलीचा जुना पत्रा आणि गुळाची ढेप घेऊन एक काम मांडलं होतं, गुऱ्हाळावर राबणाऱ्या बायकांबद्दल. ढेपेवर आतून पिवळा बल्ब सोडलेला, खाली पत्र्यावर हळूहळू पाक गळायचा आणि तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. तिला विचारलं तर म्हणाली मुंग्या येणार हे मला माहीत होतं, त्या कामातच आहेत. इथपर्यंत ठीक. पण हे वाचनालयात ठेवायचं कसं? खाली पुस्तकं आहेत! अशा वेळी वस्तू घेत नाहीत, सूचना घेतात : मांडणीचा आराखडा, मापं, फोटो, व्हिडिओ, आणि चित्रकाराची लेखी परवानगी की हे काम पुन्हा उभं करता येईल, ढेप किती किलोची आणि बल्ब किती वॅटचा हे सगळं लिहून. जगभर मोठी म्युझियम पण हेच करतात. आम्हाला ते काम हवंय, त्या मुलीनं कागद तयार करून द्यायचं कबूल केलंय, बदल्यात तिला मोबदला द्यायचाय. आणि हो, ढेप दर वेळी नवीन आणायची.

त्याचप्रमाणे साईन बोर्ड आणि पोस्टर रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आला आणि या लोकांचं काम बघता बघता बंद पडलं, काहीजण आता गणपतीच्या सीझनला मूर्तींचे डोळे रंगवायला जातात, बाकी वर्षभर काय मिळेल ते. त्यांच्या हातचे पत्र्याचे बोर्ड अजून काही दुकानांवर आहेत. ही 'कला' का 'धंदा' यावर आमच्यात एक अख्खी मीटिंग गेली. माझं मत सरळ आहे, ब्रश धरून एका दमात अक्षराची वेलांटी ओढणाऱ्या माणसाला आर्ट स्कूलचं सर्टिफिकेट विचारायचं नाही. तीन बोर्ड तरी घ्यायचेच.

निवड कोण करणार हा सगळ्यात तापलेला मुद्दा. पाच जणांची समिती असेल, त्यातले दोघे जिल्ह्याबाहेरचे, समिती दर दोन वर्षांनी बदलेल, आणि समितीवर असेपर्यंत त्या माणसाचं किंवा त्याच्या घरच्यांचं काम घेतलं जाणार नाही. प्रत्येक निवडीचं कारण चार ओळीत लिहून बोर्डावर लावू. तरीही भांडणं होतील, होऊ देत, निदान चित्रांवरून होतील.

दुसरी अडचण हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं भिंती घाम गाळतात. नुकतंच आम्ही एका ज्येष्ठ बाईंकडं (शाळेत चित्रकला शिकवून रात्री स्वतःचं काम करायच्या) त्यांचं एक जलरंग बघितलं, रंकाळ्याचं, सकाळचं, पाण्यावर नुसता एक राखाडी हात फिरवलाय पण असा की धुकं आपल्या अंगाला लागतं. ते हार्डबोर्डवर सेलोटेपनं चिकटवलेलं होतं. टेपच्या जागी चहाच्या रंगाच्या पट्ट्या पडल्यात, काच थेट कागदावर टेकल्यामुळं एका कोपऱ्यात रंग काचेला धरलाय, आणि मागून कसर लागलीय. बाईंना फ्रेमवाल्यानं जे सांगितलं ते त्यांनी केलं, त्यांचा काय दोष. ते चित्र सोडवून घ्यायला जाणकार माणूस लागेल, ओढून काढलं तर रंग काचेसोबत येणार. नवीन घेऊ त्या प्रत्येक कागदी चित्राला ॲसिड-फ्री माउंट (म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा), काच आणि कागद यांच्यात अंतर, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर काहीही टांगायचं नाही, आणि कागदावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड नाही. एवढा उजेड मंद वाटतो, लोक म्हणतील लाईट लावा की, पण जलरंग उजेडानं उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

तिसरी गोष्ट कागदोपत्री. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचं कॅलेंडर छापायचा हक्क मिळत नाही, कॉपीराईट चित्रकाराकडंच राहतो जोवर तो लिहून देत नाही. आणि विकत घेतलेल्या कामाची वाट्टेल तशी मोडतोड पण करता येत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भलंमोठं भित्तिशिल्प काढून गोदामात टाकलं होतं, ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं शिल्प परत आणि ५ लाख भरपाई असा निकाल त्यांच्या बाजूनं दिला. म्हणून प्रत्येक कामाबरोबर दोन पानी मराठी करारनामा करायचाय. सदस्यांपैकी कोणी वकील यात विनाशुल्क मदत करणार असेल तर फार बरं होईल.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षाला ६ लाख रुपये लागतील. त्यातले ३ लाख निव्वळ खरेदीला, दीड लाख रॅक आणि डीह्युमिडिफायरला (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र), ८० हजार फ्रेमिंग-माउंटिंगला आणि ७० हजार फोटो, नोंदी आणि छपाईला. १०० रुपयांपासून कितीही द्या, क्यूआर कोड काउंटरवर लावलाय, फॉरवर्ड झालेल्या कोडवर पैसे पाठवू नका. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकराची सवलत पैशाच्या देणगीलाच असते, चित्र दिलं तर नाही, आणि रोख २००० च्या वर दिले तरी नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकनं द्या. काही जण मिळून एका चित्राचा खर्च उचलणार असाल, एखादी तालीम किंवा मंडळ डॉल्बीच्या बजेटमधून थोडं काढणार असेल, तर पाटीवर नाव लागेल, अर्थात चित्रकाराच्या नावापेक्षा लहान अक्षरात. मात्र पैसे देणाऱ्याला चित्र निवडता येणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पैशाशिवाय पण बरंच काही लागतंय. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मंडळींच्या ऑफिसात पूर्वी नकाशे ठेवायची सपाट, रुंद ड्रॉवरची कपाटं असायची, सगळं कॉम्प्युटरवर गेल्यापासून ती कुठंतरी कोपऱ्यात पडलीत, त्यावर प्रिंटर ठेवलेला असतो. कागदी चित्रं आडवी ठेवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, नवीन करायला गेलं तर फार महाग पडतं. कोणाकडं असेल तर सांगा, टेम्पो घेऊन आम्ही येतो. दुसरं, कॉलेजच्या पोरापोरींनो, चित्रकारांच्या घरी जाऊन मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला आणि ते टाईप करायला माणसं हवीत, आधी एक दिवस बसून काय विचारायचं ते ठरवू. बँकेतून, ऑडिटमधून रिटायर झालेले दोघे-तिघे हवेत, रजिस्टर नीट ठेवणारे. चित्राची नोंद म्हणजे माप, माध्यम, साल, कोणाकडून, कितीला, आणि कुठं काय खराब आहे ते सगळं, यात हयगय चालत नाही आणि कलावंत लोकांच्या हातून ती नेहमी होते.

घरात आजोबांचं पोर्ट्रेट, लग्नात आलेलं राधाकृष्ण किंवा कुठल्या तरी प्रदर्शनातून घेतलेलं काही असेल आणि आता ठेवायला जागा नाही म्हणून ते इकडं आणायचा विचार असेल तर प्लीज थेट घेऊन येऊ नका. आधी काउंटरवरच्या नंबरवर दोन फोटो पाठवा, एक पुढून आणि एक मागून. मागचा फोटो विसरू नका, चित्रकाराची सही, तारीख, जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी बऱ्याचदा तिथंच सापडते. घेता येण्यासारखं नसेल तर तसं स्पष्ट कळवू आणि निदान ते घरी नीट कसं ठेवायचं एवढं तरी सांगू.

हॉल दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ उघडा असतो. सध्या चुना-रंग चाललाय, खुर्च्या कमी आहेत, पण या.

आपले,
चित्रसंग्रह समिती आणि कार्यकारिणी