फवारणी किती झाली ते नको, अळ्या किती राहिल्या ते सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की दरवर्षी पेपरात एक फोटो येतो, धुराची मशीन खांद्याला लावलेला कर्मचारी, मागं पांढरा धूर आणि खाली ओळ की अमुक भागात डास निर्मूलन मोहीम सुरू. मोहीम सुरू होते हे चांगलंच आहे, पण तिच्यानं डास कमी झाले का, आठ दिवसांनी कोणी परत जाऊन बघितलं का, हे कधी छापून येत नाही, आणि येत नाही कारण मी बघितलं तिथं तरी बहुतेक वेळा ते कोणी बघतच नव्हतं. मला त्याच्यावरच लिहायचंय.

मी आरोग्य सेवक म्हणून नोकरी केली, सगळी मराठवाड्यात, शेवटची वर्षं परभणी जिल्ह्यात. तापाच्या पेशंटच्या बोटाला सुई टोचून मलेरिया तपासायला रक्ताची काच घ्यायची, अळ्या खाणारे गप्पी मासे पाण्यात सोडायचे, फवारणीच्या पथकाबरोबर गल्लीगल्लीनं फिरायचं, हेच काम होतं. म्हणून हे अनुभवानं लिहायलो.

पहिली गोष्ट धुराची. धुरानं फक्त त्या टायमाला उडत असलेला डास मरतो. पाण्यातली अळी तशीच राहते, आणि आपल्याकडच्या उन्हात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आज धूर मारला तरी पुढच्या आठवड्यात नवा डास तयार. डेंग्यूची साथ भडकली, पेशंट एका गल्लीत वाढायलेत, अशा वेळी धूर कामाचा आहेच. पण वर्षभराचं डास नियंत्रण म्हणजे धूर असं लोकांनी धरलं, लोक मागतात म्हणून पुढारी तेच करायला लावतात, आणि टाकीत उतरून बघायचं खरं काम मागं पडतं कारण ते कुणाला दिसत नाही.

दुसरं म्हणजे सगळे डास एक नसतात. नालीच्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स, तो चावतो, झोप मोडतो, हत्तीरोग पसरवतो, पण त्याच्यानं मलेरिया होत नाही. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि घरातल्या चांगल्या पाण्यात वाढतो. मलेरिया करणारी ॲनाफिलीसची मादी संध्याकाळनंतर आणि रात्री चावते, शहरात तिची अळी छतावरच्या टाक्या, हौद, विहिरी असल्या स्वच्छ पाण्यात असते, आणि खेड्यात कालव्याच्या गळतीचे डबके, चारीच्या कडंचं पाणी, नदीपात्रातले खड्डे इथं. जायकवाडीचा डावा कालवा ज्या ज्या गावांवरून जातो तिथल्या लोकांनी हे पाणी रोज बघितलेलं आहे. मग नुसत्या नाल्यांवर औषध मारून मलेरिया कसा कमी होणार? नाली साफ पाहिजेच, त्याच्याबद्दल वाद नाही, पण नालीवर फवारलं आणि मलेरियाचं काम झालं अशी नोंद करणं बरोबर नाही. ओळखायला लई सोपं आहे, ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, बाकीच्या दोघांची डोकं खाली करून तिरपी लटकते. पांढऱ्या पळीत पाणी घेतलं की पाच मिनिटात कळतं. हंगामी कामावर घेतलेल्या पोरांना हे एकदा टाकीवर नेऊन दाखवलं तर ते कधीच विसरत नाहीत, मी बघितलंय.

आता मराठवाड्याची गोष्ट वेगळी का आहे ते सांगतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा, असं आम्हीच घरोघर सांगायचो. पण ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं तिथं बाई ड्रम रिकामा कसा करणार? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी कोणाला पाणी ओतून द्या म्हणायची सोय होती का! इथं पाऊस पडला तरी डास आणि दुष्काळ पडला तरी डास, कारण दुष्काळात घरोघर साठवण वाढते. म्हणून पाणीपुरवठा विभाग आणि हिवताप विभागानं एकत्र बसून नळाच्या वेळापत्रकाप्रमाणं कोरडा दिवस ठरवायला पाहिजे, ज्या गल्लीला उद्या पाणी येणार त्या गल्लीत आज भांडी घासायची. याला वेगळा पैसा लागत नाही, फक्त एक कागद इकडून तिकडं जायला पाहिजे. आणि मधल्या दिवसांसाठी घट्ट झाकण, नाहीतर जुनं धोतर दोरीनं बांधलं तरी चालतं, मोठ्या हौदात आणि शेततळ्यात गप्पी.

औषधाचं बघा. टेमिफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, ज्याला सगळे ॲबेट म्हणतात, ते साचलेल्या पाण्यात दर आठवड्याला पडायला पाहिजे, ५० टक्क्याचं औषध असेल तर १० लिटर पाण्यात अडीच मिली असं मिश्रण फवारणीसाठी करतात, आणि वापरायच्या साठवलेल्या पाण्यात एका लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. आता प्रत्यक्षात काय होतं तर बाटलीच्या टोपणानं अंदाजे. कमी पडलं तर अळी मरत नाही, जास्त पडलं तर पाण्याला वास येतो, मग घरचे ते पाणी फेकून देतात आणि पुढच्या वेळी कर्मचाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. एका तालुक्याच्या गावात मी रजिस्टरवर सगळी घरं पूर्ण लिहिलेली बघितली आणि त्याच गल्लीत मोजकीच घरं उघडून बघितली तर ड्रमात अळ्या वळवळत होत्या. गुत्तेदाराचं बिल मात्र घरांच्या आकड्यावर निघालं होतं.

घरात भिंतीवर जी फवारणी होते तिचंही तसंच आहे. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे जो डास जास्त दिवस जगतो तोच घातक, आणि तो रक्त पिऊन भिंतीवर बसतो तेव्हा भिंतीवरच्या औषधानं मरावा हा या फवारणीचा हेतू. त्याच्यासाठी नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर धरायचं, मिनिटाला ७४० ते ८५० मिली औषध पडलं पाहिजे, हे सगळं ठरलेलं आहे. नोझल झिजलेलं असलं की ओघळ येतात आणि औषध जमिनीवर जातं. पण सकाळी पंप सुरू करायच्या आधी मापाच्या भांड्यात एक मिनिट धरून बघणारे सुपरवायझर मला फार थोडे भेटले. लोक पण समोरची पडवी मारा म्हणतात आणि झोपायची खोली, देवघर बंद ठेवतात, डास तर झोपायच्या खोलीतच बसतो. आणि फवारणी झाल्यावर महिन्याभरात पोळा नाहीतर दसऱ्याला घर सारवलं, चुना मारला की सगळं झाकून गेलं, म्हणून तारखा सणवार बघूनच ठरवाव्यात.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे करून गावातलं सांडपाणी जिरवलं, डास कमी केले, त्याचं कौतुक आहेच आणि ते प्रत्येक गावानं करावं. त्याच्यानं नालीचा डास जातो. पण शोषखड्डे झाले म्हणून छतावरच्या टाकीकडं बघायचं सोडू नये, तेवढंच माझं म्हणणं.

माझी मागणी एकच आहे, कामाचं माप बदला. किती लिटर औषध, किती घरं, किती धूर हे माप नको. फवारणी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या माणसानं, ज्याचा त्या कामाशी संबंध नाही त्यानं, चिठ्ठी काढून काही घरं निवडावीत आणि शंभर घरांमागं किती घरात अळ्या सापडल्या हे लिहावं, कोणती अळी तेही लिहावं. अळ्या आहेत तिथं काम परत, बिल तोपर्यंत थांबवा. आणि तो आकडा वॉर्डाप्रमाणं पालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. साहेब, तुम्ही जायकवाडीचा पाणीसाठा टक्क्यात छापता, अख्खा मराठवाडा तो आधी वाचतो, तशीच पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अळ्यांची टक्केवारी छापली तर लोक आपापल्या वॉर्डाचा आकडा नक्की बघतील.

ढिलाईनं काय होतं ते देशानं एकदा बघितलेलं आहे. स्वातंत्र्याच्या टायमाला वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे असा अंदाज आहे. १९५३ ला नियंत्रण कार्यक्रम, १९५८ ला निर्मूलन कार्यक्रम आला, १९६५ पर्यंत पेशंट लाखभरावर आले, आणि मग लक्ष कमी झालं, औषधाला डास दाद देईनासे झाले आणि १९७६ ला परत ६४ लाख. आता २०३० पर्यंत मलेरिया संपवायचं ठरलंय. मराठवाड्यात पेशंट कमी दिसतात म्हणून निवांत राहता येत नाही, ऊसतोड करून, वीटभट्टीवरून माणसं परत येतात, ताप अंगात घेऊन येतात, आणि इथं टाकीत ॲनाफिलीस तयारच असतो. गावात आलेल्या तापाच्या माणसाची काच त्याच दिवशी घ्या, आणि आशाताईंना त्याचा मोबदला वेळेवर द्या.

आणि जे पोरं पंप पाठीवर घेऊन फिरतात त्यांचं पण बघा. हंगामापुरते घेतलेले, हातमोजे नाही, मास्क नाही, पगार लांबलेला. त्यांच्याकडून नीट काम पाहिजे तर ट्रेनिंग, साहित्य आणि वेळेवर पैसे हे आधी. जून हा हिवताप प्रतिरोध महिना आहे, पण पंपाची दुरुस्ती, नवे नोझल, औषधाची बाटली आणि मापाचं भांडं हे मे महिन्यातच उपकेंद्रावर पोचलं पाहिजे, जूनच्या शेवटी आलेल्या साहित्यानं पहिली फेरी निघून जाते.

आपला वाचक,
एक निवृत्त आरोग्य सेवक, जि. परभणी