‘अनिर्णित’ असा शेरा मारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

अंगावरच्या खुणांवरून एकेक प्राणी ओळखून ठेवणाऱ्या फोटोंच्या कॅटलॉगमध्ये एखाद्या वाघाचं किंवा देवमाशाचं पान उघडलं की आधी फोटो दिसतात, मग फोटो काढणाऱ्याचं नाव. जुळणी, म्हणजे नवा फोटो आधी नोंदलेल्या कुठल्या प्राण्याचा आहे हे, कुणी तपासली ते अगदी शेवटच्या रकान्यात असतं. त्या रकान्यातल्या तुमच्या आद्याक्षरांच्या भरवशावर आम्ही आकडे मांडतो, म्हणून हे आभाराचं पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण फोटो काढणाऱ्यांचं कौतुक होतं, पण जुळणी तपासणारी माणसं नेमकं काय करतात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सगळ्यात आधी आभार ‘अनिर्णित’, म्हणजे ‘हा प्राणी कोण ते या फोटोवरून ठरवता येत नाही’, या शेऱ्याचे. समजा, पहिल्या फेरीत ४० प्राणी ओळखले, दुसऱ्या फेरीत ३० दिसले आणि त्यांतले २० आधीचेच निघाले. साधं गणित सांगतं, ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे एकूण अंदाजे ६०. आता त्या २० पैकी नुसत्या ४ जुळण्या नजरेतून सुटल्या तर भाजक १६ होतो आणि अंदाज ७५ वर जातो. उलट, ४ नव्या प्राण्यांना ओढूनताणून जुन्यांत बसवलं तर तो ५० वर येतो. चार फोटोंवरून इतका फरक. २०२० साली प्राणिसंग्रहालयांतल्या, आधीच ओळख माहीत असलेल्या हिमबिबट्यांचे फोटो देऊन निरीक्षकांची चाचणी घेतली गेली, तेव्हा संख्येचा अंदाज सरासरी सुमारे एक तृतीयांशाने फुगलेला निघाला. म्हणजे ‘ओळखीचा वाटत नाही, तर नवा क्रमांक देऊ’ ही सवय किती महागात पडते बघा. तुम्ही धूसर फोटोला नवा क्रमांक देत नाही आणि जुन्या प्राण्याच्या गळ्यातही मारत नाही. तो मोजणीबाहेर ठेवता, पण पुसत नाही. पुढे त्याच प्राण्याचा स्वच्छ फोटो आला की तो बाजूला ठेवलेला फोटो बरोबर जागी जाऊन बसतो.

आणि फोटोचा दर्जा तुम्ही जुळणीला बसण्यापूर्वी ठरवता, प्राणी कोण आहे ते न बघता. हे फार महत्त्वाचं. नाहीतर कान फाटलेला हत्ती वाईट फोटोतही ओळखू येतो म्हणून आत येतो आणि अंगावर ठळक खूण नसलेला हत्ती तेवढ्याच वाईट फोटोमुळे बाहेर राहतो. अशाने ठळक खुणांचे प्राणी पुन्हा पुन्हा दिसतात, बाकीचे दिसतच नाहीत, आणि सगळं गणित एका बाजूला कलतं.

वाघाची जुळणी तुम्ही कशी करता ते नव्या लोकांनी शेजारी बसून बघायला हवं. आधी कूस: डावी की उजवी. दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, त्यामुळे डावीशी डावीच लावायची. मग खांदा, बरगड्यांचा मधला भाग आणि मागची मांडी या तिन्ही ठिकाणी एकेक वेगळी रचना शोधायची: पट्टा कुठे दुभंगतो, कुठे बंद होऊन लांबट कडं तयार होतं, कुठे मधेच तुटतो. पट्ट्यांमधलं अंतर हा पुरावा धरायचा नाही, कारण पाय पुढे टाकला की कातडी ताणते आणि अंतर बदलतं. दुभंगलेला पट्टा मात्र दुभंगलेलाच राहतो. तीन ठिकाणी जुळलं तरी चौथ्या ठिकाणी एक स्पष्ट, सावली किंवा चिखल म्हणून उडवून लावता न येणारा फरक दिसला तर जुळणी रद्द. दहा साम्यांपेक्षा तो एक फरक जड, हे तुमच्या प्रत्येक शेऱ्यातून दिसतं.

म्हणूनच वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायचे असतात, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जाऊ नये म्हणून किंचित तिरके. दोन्ही कुशी एकाच क्षणी मिळाल्या तर पान पूर्ण होतं. एक कॅमेरा बंद पडला की नुसत्या डाव्या किंवा नुसत्या उजव्या कुशीची पानं साठतात, आणि ती एकत्र मोजली तर एकच वाघ दोनदा मोजला जातो. तुम्ही अशी पानं वेगळ्या यादीत ठेवता. फिल्मच्या जमान्यातल्या पारदर्शिका (स्लाइड) उलट्या स्कॅन होऊन डावी कूस उजवी झालेली असते, तेही तुम्ही पकडता: त्याच रिळातल्या दुसऱ्या चौकटीतल्या झाडाच्या बुंध्याशी पडताळून.

सगळ्यांच्या खुणा वाघासारख्या आयुष्यभर टिकत नाहीत, आणि इथे तुमचा संयम खरा कामी येतो. हत्तीच्या कानाच्या कडेला नव्या खाचा पडतात, भोक कडेपर्यंत फाटलं की त्याचीच खाच होते, सुळा मोडतो. म्हणजे खाचा वाढू शकतात, पण असलेली खाच भरून नाहीशी होत नाही. २०१५ च्या फोटोत खाच आहे आणि २०१९ च्या फोटोत त्याच जागी कड अखंड आहे, तर तो हत्ती दुसरा. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेलाही हाच नियम. ओरखडे मात्र फिकट होत जातात, त्यांच्यावर विसंबायचं नाही. हंपबॅक देवमाशाच्या पिल्लाच्या शेपटीखालची काळीपांढरी नक्षी पहिल्या काळात बदलते, म्हणून पिल्लाच्या पानावर तुम्ही ‘पुन्हा तपासा’ असा शेरा ठेवता. व्हेल शार्कचे ठिपके टिकतात, पण कोन चुकला की काही उपयोग नाही. शेवटच्या, म्हणजे पाचव्या, कल्ल्याच्या फटीमागचा भाग सरळ बाजूने आलेला हवा, आणि शक्यतो डावीकडचा, कारण जुने संग्रह मुख्यतः त्याच बाजूचे आहेत.

व्हेल शार्कचे ठिपके जुळवणारी संगणकीय रीत मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे एकमेकांशी लावण्यासाठी १९८६ मध्ये मांडली गेली होती. २००५ मध्ये ती ठिपक्यांना लावली गेली. तीन तीन ठिपक्यांचे त्रिकोण करून त्यांची प्रमाणं ताडून बघणं हे तिचं मर्म. आज वाइल्डबुक, हॉटस्पॉटर, आय-थ्री-एस अशी साधनं हाताशी आहेत. तरीही ही साधनं फार तर संभाव्य जुळण्यांची क्रमवार यादी देतात, निर्णय देत नाहीत. त्यातला एक सापळा तुम्हीच आम्हाला दाखवला: एकाच ठिकाणच्या कॅमेऱ्याचे फोटो असले की संगणक प्राण्याऐवजी मागचा दगड आणि गवत जुळवून मोकळा होतो आणि गुण भरघोस देतो. त्यामुळे फोटो देण्याआधी प्राण्याभोवती घट्ट चौकट आखायची, आणि जुळलेले बिंदू अंगावर पडलेत की मागच्या झाडीवर, हे डोळ्यांनी बघायचं. यादीत पहिला आला म्हणून तुम्ही मान्य करत नाही, आणि पहिल्या दहांत कुणीच पटला नाही तरी नवा क्रमांक देण्याआधी सगळा संग्रह हाताने चाळता. दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याचा निर्णय न दाखवता तोच फोटो देता. वेळ दुप्पट लागतो, पण तो वाचवण्यासारखा नाही.

आता नोंदींबद्दल. इथे तुमच्यासारखी शिस्त आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. कॅमेऱ्याची बॅटरी काढली की काही मॉडेलचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं आणि वाघ कॅमेरा बनण्याच्याही आधी फिरताना दिसतो. त्यावर तुमचा उपाय साधा आहे: कॅमेरा लावताना आणि काढताना फोनवरचं घड्याळ त्याच कॅमेऱ्यासमोर धरायचं. दोन्ही फोटोंतून घड्याळ किती मागेपुढे गेलं ते कळतं. दुरुस्त वेळ वेगळ्या रकान्यात लिहायची, मूळ वेळ तशीच ठेवायची.

एक्सेलसारख्या तक्त्याच्या प्रोग्रॅमने केलेली नासधूसही तुम्हीच थांबवली. ००१२ हा क्रमांक उघडताच १२ होतो. क्रमांकाची सुरुवातीची तीन अक्षरं इंग्रजी महिन्यासारखी असली तर त्याची तारीख होऊन बसते. ३-४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, तर कुठे ४ मार्च. म्हणून क्रमांकाचा रकाना आधी ‘मजकूर’ करायचा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची आणि अंतिम प्रत साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवायची, जी वीस वर्षांनीही कुठल्याही संगणकावर उघडेल.

‘प्राणी’ (कोण) आणि ‘भेट’ (तो दिसल्याची प्रत्येक नोंद) हे दोन तक्ते वेगळे ठेवण्याचा तुमचा आग्रह सुरुवातीला अनेकांना जाचक वाटतो. पण एका फोटोची ओळख बदलली तर भेटीच्या ओळीतला एकच क्रमांक बदलतो, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. दोन पानं एकाच प्राण्याची निघाली तर जुना क्रमांक पर्यायी म्हणून जपायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. जुन्या अहवालात तो छापलेला असतो. क्रमांकात लिंग किंवा जागा गुंफायची नाही, कारण मादी समजलेला प्राणी नर निघतो आणि जागा तर बदलतेच. मेलेल्या प्राण्याचं पान बंद करायचं, काढायचं नाही.

हे सगळं संगणकाआधीही होत होतं. ब्रिटिश निसर्गअभ्यासक पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला बेविक हंसांच्या चोचींवरची पिवळीकाळी नक्षी हाताने रेखाटून एकेक पक्षी ओळखला. १९७० च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ मायकल बिग यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे किलर व्हेल पाठीवरच्या परावरून आणि त्यामागच्या राखाडी डागावरून वेगळे केले. आज फरक पडला तो संग्रह एकमेकांना जोडले गेल्यामुळे. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ २०१३ मध्ये टिपलेला एक हंपबॅक नर २०२२ मध्ये झांजिबारजवळ दिसला, किमान १३,०४६ किलोमीटर दूर. दोन महासागरांतले, अनोळखी माणसांनी काढलेले फोटो एकाच संग्रहात, एकाच रीतीने नोंदलेले नसते, तर ते दोन वेगळे देवमासेच राहिले असते.

शेवटचे आभार अचूक ठिकाण लपवण्याबद्दल. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लपलेले असतात आणि शिकाऱ्याला तेवढे पुरतात. जाहीर प्रतीतून तुम्ही ते काढता, गेंडे आणि वाघांचं ठिकाण मोठ्या चौकोनापुरतंच दाखवता आणि अचूक नोंद फक्त मूळ प्रतीत ठेवता. त्या मूळ संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या इमारतीत, हेही तुम्हीच लावून दिलं.

नव्याने येणाऱ्यांना आम्ही आता आधी तुमचा शेऱ्यांचा रकाना वाचायला देतो आणि मगच फोटो. ‘अनिर्णित’ यादीतल्या उजव्या कुशीच्या फोटोंना नव्या हंगामातले जोडीदार मिळण्याची शक्यता आहे. ते वेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवले आहेत, सवडीने बघा.

तुमचे ऋणी,
तुमच्या नोंदींवर काम करणारे आम्ही सगळे