शिटी, भिंत आणि व्हुकोमानोविच

संपादक महोदय,

केरळ ब्लास्टर्सचे माजी सर्बियन प्रशिक्षक इव्हान व्हुकोमानोविच यांचा उल्लेख क्रीडा पानावर आला, की 'संघ घेऊन मैदान सोडणारा प्रशिक्षक' ही ओळख जोडलेली असतेच. ती खोटी नाही. पण तिच्यासोबत दोन विधाने हमखास येतात: शिटी वाजली नव्हती म्हणून बंगळुरूच्या सुनील छेत्रीचा तो गोल नियमबाह्य होता, आणि व्हुकोमानोविच आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) दहा सामन्यांना मुकले. दोन्ही दुरुस्त करायला हवीत.

3 मार्च 2023, बंगळुरूचे श्री कांतीरवा स्टेडियम, बंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यातला बाद फेरीचा एकच सामना. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राबाहेर बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक प्रभसुखन गिल किक अडवायला खेळाडूंची भिंत लावण्यात गुंतलेला असताना छेत्रीने चेंडू रिकाम्या भागात टाकला.

फ्री किकला शिटी लागतेच असे नाही. चेंडू जागेवर स्थिर असला की किक घेणाऱ्याला लगेच खेळण्याची मुभा असते. प्रतिस्पर्ध्यांनी 9.15 मीटर मागे राहायचे हा त्याचा हक्क असतो, आणि तो हक्क सोडून खेळायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे. मात्र पंचाने अंतर मोजायला आणि भिंत मागे सरकवायला घेतली, की किक पंचाच्या ताब्यात जाते आणि शिटीशिवाय ती घेता येत नाही. 'झटपट' म्हणजे किती सेकंद, हे नियमात कुठेही लिहिलेले नाही. त्यामुळे त्या रात्रीचा खरा प्रश्न शिटी वाजली का हा नव्हताच. पंचाने ती किक ताब्यात घेतली होती का, हा होता. आपल्याला भिंतही नको आणि शिटीही नको, असे पंचाला सांगितल्याचे छेत्रीने नंतर स्पष्ट केले. केरळचा दावा उलट होता. आयएसएलमध्ये तेव्हा व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय) नव्हते, त्यामुळे पंचाचा शब्द अखेरचा. केरळची तक्रार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फेटाळली ती याच पायावर.

अशा वेळी बचाव करणाऱ्या संघाने काय करावे, हे वयोगटाच्या संघांनाही शिकवावे लागते. 'शिटीवर' असा पंचाचा स्पष्ट इशारा मिळेपर्यंत गोलरक्षकाने खांबाला चिकटून भिंत लावत बसायचे नाही, नजर चेंडूवरच हवी. चेंडूसमोर मुद्दाम उभे राहून किक अडवली तर पिवळे कार्ड. म्हणून जवळच्या खेळाडूने मागे सरकत, पण चेंडूकडे तोंड ठेवून अंतर घ्यायचे. पाठ फिरवली की संपले. केरळचे नेमके इथेच बिनसले, आणि पंचाचा निर्णय चुकला होता असे धरले तरी ही चूक उरतेच.

गोल दिला गेल्यावर व्हुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले, ते तर हिशेबातही बसत नव्हते. जादा वेळेची सुमारे 24 मिनिटे शिल्लक होती, तूट एका गोलाची होती. कर्णधारामार्फत आक्षेप नोंदवून खेळत राहिले असते, तर बरोबरीची संधीही राहिली असती आणि लेखी तक्रारीचा मार्गही. सामना 1-0 असा बंगळुरूच्या नावे झाला. पुढे उपांत्य फेरीत याच बंगळुरूने साखळीत अव्वल ठरून शिल्ड जिंकलेल्या मुंबई सिटीला शूटआऊटमध्ये 9-8 असे बाहेर काढले, हे मुंबईकरांच्या लक्षात असेलच.

आता शिक्षा. क्लबला 4 कोटी रुपये दंड, प्रशिक्षकांना 5 लाख आणि दहा सामन्यांची बंदी, ड्रेसिंग रूमसुद्धा बंद. जाहीर माफी मागितली नसती तर क्लबचा दंड 6 कोटी आणि प्रशिक्षकांचा 10 लाख झाला असता. दोघांनीही माफी मागितली. बंदी महासंघाच्या अखत्यारीतील सर्व स्पर्धांना लागू होती. त्यामुळे सुपर कपचे तीन, ड्युरँड कपचे तीन आणि आयएसएलचे पहिले चार, असे दहा भरले. त्या चारांत मुंबईतला पराभवही आला. संघ तेव्हा सहाय्यक फ्रँक डाउवेन सांभाळत होते. 27 ऑक्टोबर 2023 रोजी कोचीत ओडिशाविरुद्ध व्हुकोमानोविच परतले आणि केरळने तो सामना 2-1 असा जिंकला.

त्यांच्या कामाबद्दल मात्र फारसे छापून येत नाही. उझित्सेमध्ये जन्मलेला हा माणूस बोर्दो, रेड स्टार, डायनॅमो मॉस्को अशा क्लबांतून खेळला. प्रशिक्षक म्हणून स्टँडर्ड लीज आणि 2017 चा स्लोव्हाक चषक जिंकणारा स्लोव्हान ब्रातिस्लावा करून 2021 मध्ये कोचीत आला. आदल्या मोसमात ब्लास्टर्स अकरा संघांत दहावे होते, 17 गुणांवर. याने 4-4-2 रचना (चार बचावपटू, चार मधले, दोन आघाडीवर) लावली, पुढे आल्वारो वाझ्केझ आणि होर्खे परेरा दियास, बाजूंना आद्रियान लुना आणि सहल अब्दुल समद. चेंडू गेला की पहिला दबाव पुढच्या दोघांनीच टाकायचा. त्या मोसमात मुंबई सिटीला 3-0 हरवले, गुण दुप्पट होऊन 34 झाले आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. केरळचे प्रेक्षक त्याला 'आशान', म्हणजे गुरू, म्हणू लागले ते तेव्हापासून.

20 मार्च 2022 चा तो अंतिम सामना आमच्या फातोर्ड्यातच झाला. राहुल के. पी.च्या गोलाने केरळ पुढे होते. 88व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल तावोराने बरोबरी साधली आणि शूटआऊटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन किक अडवल्या. दोघेही गोव्याचे! केरळचे स्वप्न गोव्याच्या पोरांनी मोडले, याचा आनंद मानावा की नाही, हे अजून ठरत नाही.

त्यांच्या उणिवाही आकड्यांत दिसतात. 2023-24 मध्ये पहिल्या 12 सामन्यांत 26 गुण आणि अव्वल स्थान. डिसेंबरात लुना जायबंदी झाला आणि उरलेल्या 10 सामन्यांत फक्त 7 गुण. सलग तिसऱ्यांदा बाद फेरी गाठली खरी, पण ओडिशाने जादा वेळेत हरवले. आठवडाभरात, 26 एप्रिल 2024 रोजी, क्लब आणि प्रशिक्षक वेगळे झाले.

आपला,
एक वाचक, मडगाव