परसाच्या कुंपणाविषयी

देवरुख,
दि. 14 एप्रिल

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

घराभोवती सिमेंटची पाच फुटी भिंत बांधण्याचा तुझा बेत पत्रातून कळला. गवंड्याला विसार देण्याआधी माझे म्हणणे ऐकून घे, कारण तुझे परसू उतारावर आहे आणि आपल्याकडे वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात वरच्या अंगाची माती पाणी पिऊन जड होते, ते पाणी बांधीव भिंतीमागे तुंबते आणि तळाशी त्याला वाट ठेवलेली नसेल, तर भिंत आधी पोट काढते व पुढे आडवी होते. म्हणून उताराच्या बाजूंना जांभ्या दगडाचा सुका गडगाच, म्हणजे चुना-सिमेंटावाचून नुसते दगड रचून केलेली भिंतच, घालावी, असे माझे ठाम मत आहे. गडग्याच्या फटींतून पाणी निथळून जाते आणि माती मागेच राहते.

मात्र त्याआधी हद्द पक्की कर. शेजारचे तात्या कितीही आपले असले, तरी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दे, भूकरमापक येतील त्या दिवशी तात्यांना सोबत उभे कर, आणि खुणांचे दगड दोघांच्या देखत पुरून घे. आज सलोखा आहे म्हणून हे काम टाळू नये. सलोखा टिकावा यासाठीच ते करायचे असते.

आमचा गडगा घालायला आलेले वयस्कर कारागीर मी जवळ बसून पाहिले. मऊ माती काढून त्यांनी कठीण मुरुमापर्यंत पाया खणला, तळाची रुंदी अडीच फूट धरली आणि दोन्ही तोंडे वर जाताना किंचित आत कलती ठेवली. प्रत्येक दगड ते हातात फिरवून त्याची बसकी बाजू शोधीत, जागेवर ठेवून तळहाताने दाबून पाहत, आणि जरासा जरी हलला, तरी खाली कपची सारून पुन्हा दाबीत. सांध्यावर सांधा त्यांनी कुठेही येऊ दिला नाही. थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड आडवा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत घातला, कारण त्याच्यावाचून दोन्ही अंगे सुटी पडतात. सर्वांत वजनदार दगड त्यांनी माथ्यासाठी राखून ठेवले होते. असे काम घाईने होत नाही, तेव्हा मजुरी रोजावर ठरव. काम उक्ते, अंगावर दिलेस, तर गडग्याच्या पोटात नुसती माती भरली जाईल.

सपाट बाजूंना दगडाचा खर्च करण्याचे कारण नाही. तिथे गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) मनगटाएवढे जाड, पुरुषभर उंचीचे फाटे तिरके तासून, मृगाचा पाऊस लागताच वीतभर खोल रोव. ते सहज जीव धरतात, वासामुळे गुरे त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत, आणि पुढे छाटणीचा पाला भाताच्या खाचरात खत म्हणून घालता येतो. मधल्या फटींत करवंदाची रोपे लाव, म्हणजे काही वर्षांत काट्यांची दाट जाळी होईल. तोवर उनाड गुरांसाठी दोन पदरी काटेरी तार पुरे. खांब आठ फुटांवर, दोन फूट जमिनीत, आणि कोपऱ्यांतल्या खांबांना दोन्ही दिशांनी टेकू हवेत, नाहीतर तार ताणताच ते आत झुकतात. माकडांना यांतले काहीच अडविणार नाही, त्या आशेने उंची वाढवू नकोस.

मागच्या अंगाने तात्यांच्या विहिरीकडे जाणारी पायवाट आहे, तिथे बेडे, म्हणजे कुंपणातले साधे फाटक, ठेवायला विसरू नकोस. वहिनी आणि तात्यांची सून पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या वाटेने ये-जा करतात. ती बंद झालेली मला मुळीच आवडणार नाही.

मोजणीचा नकाशा हाती आला की त्याची एक प्रत पाठव. गडगा किती लांबीचा होईल आणि जांभ्याचे चिरे किती लागतील, याचा हिशेब मी मांडून देईन. पावसाळ्यापूर्वी दगडकाम उरकायचे असेल, तर अर्जाला आता विलंब लावू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक