एकदा कर भरलेल्या बचतीवर पुन्हा कर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेतला प्राप्तिकर रद्द करून त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर आणणाऱ्या ‘फेअरटॅक्स’ प्रस्तावावरचा लेख आपल्या दैनिकात वाचला. लेखकाने त्याचे मनापासून स्वागत केले आहे आणि भारतानेही हीच वाट धरावी असे सुचवले आहे. मी बत्तीस वर्षे जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीत राहतो आणि आता निवृत्त आहे. १९९९ साली हे विधेयक पहिल्यांदा मांडणारे जॉन लिंडर आमच्याच भागाचे काँग्रेस सदस्य होते. अलीकडे ते मांडणारे बडी कार्टरही जॉर्जियाचेच. इतकी वर्षे हा विषय इथे कानावर पडतो आहे, म्हणून हे पत्र.

आधी दराविषयी. लेखात २३ टक्के म्हटले आहे. विधेयकातला आकडा तोच आहे, पण तो कर धरून झालेल्या एकूण रकमेवर मोजलेला आहे. ७७ डॉलरच्या वस्तूवर २३ डॉलर कर लागून गिऱ्हाईक १०० डॉलर देणार. आपण जीएसटी मोजतो तसा मूळ किमतीवर मोजला, तर हाच कर जवळजवळ ३० टक्के होतो. त्यावर जॉर्जियाचा स्वतःचा ४ टक्के विक्रीकर आणि काउंटीचा कर वेगळा. मराठी वाचक २३ वाचून जीएसटीच्या १८शी तुलना करणार, आणि ती तुलना चुकीची ठरणार.

मी स्वतः एके काळी या योजनेचा समर्थक होतो, हे सांगायला हवे. दर वर्षी १५ एप्रिलच्या, म्हणजे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीच्या, आधीचे दोन आठवडे कागदपत्रांत जात. एका सभेत ऐकले की विवरणपत्रच भरायला नको, पगार पूर्ण हातात येईल, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरसाठी (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) पगारातून कापले जाणारे ७.६५ टक्केही थांबतील. त्या वयात ते पटले. कमाई चालू होती, खर्च कमी होता आणि शिल्लक पडत होती.

आज माझी बाजू उलटी आहे. मिळकतीवर प्राप्तिकर भरून जे उरले ते आम्ही बँकेत टाकले आणि म्हातारपणासाठी जपले. पत्नी तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. तिची औषधे, डॉक्टरांची बिले, दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंचे पैसे हाच आमचा मोठा खर्च. ‘फेअरटॅक्स’मध्ये वस्तूंबरोबर सेवांवरही कर आहे आणि वैद्यकीय सेवा त्यातून वगळलेल्या नाहीत. घरभाड्यावरही कर आहे. म्हणजे ज्या डॉलरवर मी कमावताना कर भरला, त्याच डॉलरवर तो खर्च करतानाही भरायचा. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमध्ये वाढत्या किमतींप्रमाणे भर घालण्याची तरतूद विधेयकात आहे, ती योग्यच आहे. साठवलेल्या पैशाला मात्र असे कोणतेही संरक्षण नाही.

गरिबांचा विचार केलेलाच नाही असे मी म्हणणार नाही. दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला आगाऊ परत मिळणार आहे. २०२५च्या दारिद्र्यरेषेप्रमाणे एकट्या माणसाला ही रक्कम महिना सुमारे ३०० डॉलर होते. अगदी तळाच्या माणसाला तिचा आधार होईल. पण त्याच्या थोडे वरचे, ज्यांची जवळजवळ सगळी कमाई भाडे, गाडी, मुले आणि दवाखाना यांतच संपते, त्यांच्या प्रत्येक खर्चावर कर बसतो. भरपूर कमावून निम्मे बाजूला टाकणाऱ्याच्या निम्म्या कमाईला तो शिवत नाही.

आपल्या माणसांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे पाहावी. इथे पगार घेऊन पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट घेणाऱ्या मराठी अभियंत्याला या योजनेत कमावताना अमेरिकेचा कर नाही आणि खर्च अमेरिकेबाहेर झाला म्हणून खर्च करतानाही नाही. मी सगळे आवरून पुण्याला आलो तर मीही सुटेन. आमच्याकडे येणाऱ्या मदतनीस बाईंना असा दुसरा देश नाही. त्यांचा सगळा पैसा इथेच खर्च होतो. माझ्या सोयीची असली तरी ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

वसुलीचेही पाहा. जीएसटी प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा गोळा होतो आणि आधी भरलेल्या कराची वजावट मिळत असल्याने साखळीतली प्रत्येक कडी पक्के बिल मागते. ‘फेअरटॅक्स’मध्ये सगळा कर शेवटच्या दुकानदाराकडून घ्यायचा. त्याने एक विक्री दडवली की पूर्ण कर गेला. व्यवसायासाठीच्या खरेदीवर कर नसल्याने घरचा लॅपटॉप व्यवसायाच्या नावावर घेण्याचा मोह वेगळाच. स्वीडन आणि नॉर्वे हे देश १९७०च्या सुमारास किरकोळ विक्रीकर सोडून जीएसटीसारख्या मूल्यवर्धित कराकडे वळले. अध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या करसुधारणा समितीने २००५मध्ये राष्ट्रीय विक्रीकराची शिफारस केली नाही. कुटुंबांना द्यायचा परतावा धरून, नुसत्या प्राप्तिकराची जागा भरायलाच किमतीवर ३४ टक्के कर लागेल, असा तिचा हिशेब होता.

भारताच्या बाबतीत लेखकाने एक आकडा समोर ठेवायला हवा होता. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या प्रत्येक रुपयातले २२ पैसे प्राप्तिकरातून आणि १८ पैसे जीएसटी व तत्सम करांतून येतील असे धरले होते. प्राप्तिकर काढला तर जीएसटीतून येणारी ही रक्कम दुपटीहून जास्त करावी लागेल. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्वसाधारण पगारदाराला आज प्राप्तिकर लागतच नाही. त्याला ‘आयकर संपला’ या बातमीतून काहीच मिळणार नाही, आणि साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळे मात्र महागलेले असेल.

या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा २३च्या शेजारी ३० हा आकडाही द्यावा आणि औषधोपचारांवरही कर आहे हे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वाचक
ग्विनेट काउंटी, जॉर्जिया