थायरॉईडची गोळी, सकाळचा चहा आणि पथ्याच्या याद्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी आहारातून थायरॉईड मुळापासून घालवता येतो अशा अर्थाचा लेख आला होता, कोबी-फ्लॉवर बंद, गहू बंद, दूध बंद, सकाळी धन्याचं पाणी, आणि तीन महिन्यांत गोळी सुटते असं ठासून लिहिलं होतं. मी कराडजवळ मेडिकलचं दुकान चालवते, फार्मसिस्ट आहे, आणि तो लेख आल्यापासून काउंटरवर बायका विचारताहेत की ताई, धन्याचं पाणी सुरू केलंय, आता गोळ्यांची बाटली नाही घेतली तर चालेल ना? काहीजणींनी तर न विचारताच बंद केलीय. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि जरा लांब झालं तरी छापा अशी विनंती आहे कारण हा विषय घराघरातला आहे. देशातल्या आठ शहरांत एक पाहणी झाली होती, 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, तिच्यात जवळपास 11 टक्के प्रौढांना थायरॉईड कमी असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते आधी माहीतच नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही गोळी नेमकी आहे काय ते लोकांना कुणी सांगतच नाही. थायरॉक्सिन नावाचं हार्मोन आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी रोज स्वतःच बनवत असते, ते कमी पडलं की तेवढंच बाहेरून द्यायचं, गोळीत तेच आहे, त्यात परकं काही नाही. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ ही भीती मी रोज ऐकते, अहो सवय नाही लागत, ग्रंथी बनवत नाही म्हणून द्यावी लागते. आणि ग्रंथी का बनवत नाही? ज्यांच्या जेवणात आयोडीनचं मीठ आहे अशा घरांत बहुतेक वेळा कारण एकच असतं, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि ती हळूहळू निकामी होत जाते. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं म्हणून त्यांच्याच नावाने तो आजार ओळखतात. अशी निकामी झालेली ग्रंथी धन्याच्या पाण्याने परत उभी राहत नाही हो.

हा उपचार काल-परवाचा पण नाही. 1891 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचायला सुरुवात केली, सूज, सुस्ती, थंडीने गारठणं सगळं वाढलेलं होतं तिचं, आणि ती बाई त्यानंतर 28 वर्षं जगली. मग 1914 मध्ये अमेरिकेत केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, आणि आज प्रयोगशाळेत बनलेली तीच गोष्ट मायक्रोग्रॅममध्ये मोजून बाटलीत मिळते, 25, 50, 75, 100, आणि रोजचा खर्च हॉटेलातल्या एका चहापेक्षा कमी. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे ती. एवढं स्वस्त आणि एवढं खात्रीचं औषध फार कमी आजारांना मिळालंय, आणि आपण लोकांना ते सोडायला सांगतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता कुणी म्हणेल की आमच्या शेजारणीचा थायरॉईड आहारानेच गेला. गेला असेल, रिपोर्ट नॉर्मल आला असेल, मी खोटं म्हणत नाही. पण टीएसएच, म्हणजे रक्ततपासणीतला तो आकडा जो ग्रंथी मंदावली की वाढतो, थोडासाच वाढलेला असेल, म्हणजे सहा-सात वगैरे, तर कित्येकदा दोन-तीन महिन्यांनी परत तपासला की काही न करताही तो आपोआप खाली आलेला असतो. बाळंतपणानंतरही काही बायकांचा थायरॉईड काही महिने बिघडतो आणि मग सुधारतो. त्या काळात जी काही पेज, पाणी, चूर्ण चालू असेल त्याला श्रेय जातं. म्हणूनच चांगले डॉक्टर एका किंचित वाढलेल्या रिपोर्टवर लगेच गोळी सुरू करत नाहीत, परत तपासतात, टी फोर म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन बघतात, अँटीबॉडी म्हणजे प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्याची खूण बघतात. वयस्कर माणसांत तर टीएसएच थोडा वर असणं बरंच दिसतं, 2017 मध्ये 65 वर्षांवरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा किंचित वाढीला गोळी देऊन थकव्यात वगैरे काही फरक पडला नाही. म्हणजे गोळी सगळ्यांनाच लागते असं माझं म्हणणं नाही, पण लागते की नाही हे डॉक्टर ठरवतील, पुरवणी नाही.

आहाराचा संबंध आहे, खूप आहे, फक्त लेखात लिहिला होता तिथे नाही. तो आहे गोळीच्या वेळेत. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही, कॉफी तर नाहीच. आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास पाहिजेत, कारण ती थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते, रक्तात जाऊच देत नाही. सोयाबीनचं, ॲसिडिटीच्या औषधांचं पण तसंच, अंतर ठेवावं लागतं. दुकानात रोज येणाऱ्या चिठ्ठीचंच सांगते, गरोदर मुलगी असते, तिला लोह, कॅल्शियम आणि थायरॉईड तिन्ही लिहून दिलेलं असतं, पुढे कुठे वेळ लिहिलेली नसते किंवा तिन्हीपुढे ‘सकाळी’, आणि ती बिचारी तिन्ही गोळ्या एका घोटात दुधाबरोबर घेते. मग टीएसएच खाली येत नाही, डोस वाढतो, परत येत नाही, परत वाढतो. मी मार्कर घेऊन बाटलीवर ‘उठल्या उठल्या, फक्त पाणी’ असं मोठ्या अक्षरात लिहिते, कॅल्शियमवर ‘दुपारी जेवल्यावर’ आणि लोहावर ‘संध्याकाळी’. नुसत्या एवढ्याने पुढचा रिपोर्ट सुधारलेला मी पाहिलाय.

पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. घरात सगळ्यात आधी उठणारी ही गोळी घेणारी बाईच असते, पाणी भरायचं, डबे करायचे, सासऱ्यांना चहा द्यायचा, आणि सगळ्यांबरोबर कपभर चहा घेतला की मगच तिचं अंग हलतं, त्यात थायरॉईड कमी म्हणजे सकाळी उठणंच जिवावर आलेलं असतं. तिला अर्धा तास चहा घेऊ नका म्हणणं सोपं आहे, तो अर्धा तास तिला कोण देणार? घरातल्या माणसांनी हे समजून घ्यायला पाहिजे, चहा दुसऱ्या कुणी टाकला तर काही बिघडत नाही. आणि सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घेता येते, जेवणानंतर तीन तासांनी झोपताना, ती तेवढीच लागू पडते, पण हा पर्याय कुणी सांगतच नाही. उपवासाच्या दिवशी पण गोळी घ्यायची, पाण्याच्या घोटाने. अगदी निर्जळीच असेल आणि एक दिवस चुकली तरी घाबरायचं कारण नाही, हे औषध शरीरात आठवडाभर तरी रेंगाळतं, म्हणूनच डोस बदलल्यावर टीएसएच पंधरा दिवसांत नाही, सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचा. लवकर तपासून लोक उगाच पैसे घालवतात आणि घाबरतात.

मिठाचं सांगितलंच पाहिजे, कारण हल्ली आयोडीनचं मीठ टाकून सैंधव आणायची लाट आलीय. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी जे काम केलं त्यातून आपल्या देशाला कळलं की मिठात आयोडीन घातलं की गलगंड कमी होतो, आणि 1962 पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. सैंधवात आयोडीन नगण्य असतं. उपवासापुरतं खाल्लं तर काही नाही, पण बारा महिने तेच, आणि घरात सून गरोदर, हे मला फार काळजीचं वाटतं. उलट समुद्री शेवाळाच्या गोळ्या ऑनलाइन मागवून जास्तीचं आयोडीन घेणं हेही वाईट, हाशिमोतोमध्ये त्याने ग्रंथी आणखी मंदावू शकते. कोबी-फ्लॉवरचं म्हणाल तर शिजवून नेहमीसारखी भाजी खायला काहीच हरकत नाही, कच्च्या कोबीचा रस ग्लासभर रोज कोण पितं?

वजनाबद्दल पण स्पष्ट लिहा. थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते चार किलो असतं आणि त्यात पाणीच जास्त. त्यापुढच्या वजनाला सगळ्यांना लागू असलेलंच खाणं आणि चालणं. वजन उतरावं म्हणून स्वतःच्या मनाने जास्त गोळ्या घेणाऱ्या बायका येतात, त्यांना मी हात जोडून सांगते की छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात, असं करू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही तपासणीआधी सांगायला पाहिजे, त्याने काही मशिनवर टीएसएच खोटा कमी दिसतो आणि मग गरज असलेला डोस उगाच कमी होतो.

तर संपादक महोदय, माझ्या दोन मागण्या आहेत. ‘मुळापासून बरा’ छापाचा मजकूर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, आणि पुरवणीत एक चौकट द्या, गोळी कधी, कशाबरोबर, किती अंतराने. जागा कमी असेल तर निदान गरोदर बायकांचं तरी छापा. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं, त्याच्या मेंदूची वाढ त्यावर चाललेली असते, म्हणून दिवस राहिल्याचं कळलं की गोळी बंद तर करायचीच नाही, उलट त्याच आठवड्यात टीएसएच करून डॉक्टरांकडे जायचं, बहुतेकींना डोस वाढवावा लागतो. त्या लेखामुळे ज्यांनी बाटली बाजूला ठेवलीय त्यांच्यात अशा मुलीही असतील, त्यांच्यापर्यंत हे येत्या रविवारीच पोचू दे.

आपली,
एक वाचक, औषधविक्रेती, कराड तालुका