खरेदीखत वाचून दाखवायला हवे

महोदय,

जर्मनीत परदेशी माणसाला स्वतःचे घर घेता येते का, पासपोर्ट भारतीयच असला तर चालते का, असे विचारणारे फोन मला पुण्या-सांगलीहून सारखे येतात. आम्ही स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला राहतो. नवरा आणि मी दोघेही मोटार उद्योगात नोकरीला आहोत आणि गेल्या वर्षी आम्ही इथे मुलांना घेऊन राहायला एक जुने रो-हाउस घेतले. फोनवर जे सांगते ते थोडक्यात इथे लिहिते. पण पत्र लिहिण्याचे खरे कारण त्यापुढचे आहे.

घर घेता येते. कॅनडाने परदेशी नागरिकांच्या घरखरेदीवर २०२३ पासून काही अपवाद ठेवून बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ पासून दोन वर्षे परदेशी लोकांना जुनी घरे घेणे बंद केले. जर्मनीत असे काही नाही. इथला कायदा नागरिकत्व विचारत नाही, विचारते ती बँक. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना) कर्ज मिळते, पण पदरचे पैसे जास्त घालावे लागतात. कायम वास्तव्याचा परवाना हाती असला की बोलणी सोपी होतात. घर घेतले म्हणून परवाना मिळत नाही. तशी आशा धरून बसलेले लोक मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

वरखर्च मोठा असतो. आमच्या बाडेन-व्ह्युर्टेमबर्ग राज्यात खरेदीकर ५ टक्के, शेजारच्या बव्हेरियात साडेतीन, तर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात साडेसहा. नोटरी आणि नोंदणीचे मिळून दीड-दोन टक्के, शिवाय दलाल असेल तर आपल्या वाट्याचे साधारण साडेतीन. ही रक्कम बँक सहसा कर्जात धरत नाही. भारतातून आईवडिलांनी मदत करायची म्हटली, तर एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांच्या वर जाणाऱ्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर) भरावा लागतो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. निवृत्त माणसाला ते सोसत नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे विसार नाही, टोकन नाही, कच्ची पावती नाही. घराचा व्यवहार नोटरीसमोर झाला तरच तो व्यवहार. हा नोटरी कायद्याचे शिक्षण झालेला, राज्याने नेमलेला असतो आणि तो ना विकणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. विकणारा व्यावसायिक आणि घेणारा साधा ग्राहक असेल, तर खताचा मसुदा सहीच्या निदान दोन आठवडे आधी खरेदीदाराच्या हाती पडावा, असा नियम आहे. आमचा मसुदा आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून, शब्दकोश बाजूला ठेवून, रोज थोडा थोडा वाचला. त्यातून निघालेले प्रश्न नोटरीच्या कचेरीला कळवले आणि लेखी उत्तरे आली.

सहीच्या दिवशी नोटरीबाईंनी सगळे खत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले. तसे वाचणे त्यांना बंधनकारकच आहे. माझ्या नवऱ्याचे जर्मन बेताचे, म्हणून शेजारी दुभाषी बसली होती आणि दर परिच्छेदाला थांबून सांगत होती. एका जागी नोटरीबाई स्वतःच थांबल्या. मागच्या बागेकडे जाणारी चिंचोळी फरसबंद वाट आमच्या हद्दीतली, पण शेजाऱ्याला तिथून कचऱ्याचे डबे नेण्याचा वहिवाटीचा हक्क आहे आणि तो जमिनीच्या सरकारी नोंदवहीत चढलेला आहे. "हे तुम्हाला समजले का? उद्या इथे कुंपण घालता येणार नाही," त्या म्हणाल्या. आम्ही हो म्हटल्यावरच पुढचे पान उलटले.

जमिनीच्या त्या सरकारी नोंदवहीचे तीन भाग असतात. पहिल्यात मालक, दुसऱ्यात असे हक्क आणि बंधने, तिसऱ्यात गहाण. वहीत नाव असलेल्या माणसावर विश्वास ठेवून प्रामाणिकपणे घर घेतले, तर कायदा खरेदीदाराच्या पाठीशी उभा राहतो. सही झाल्यावर आधी आमच्या नावाची राखीव नोंद (मधल्या काळात घर दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून) वहीत पडली, विकणाऱ्याचे जुने गहाण उतरवण्याची कागदपत्रे नोटरीकडे जमा झाली, मग "आता पैसे भरा" असे पत्र आले. तोपर्यंत आमच्या खात्यातून विकणाऱ्याला एक सेंटही गेला नव्हता. घराचा ओलावा, घर गरम ठेवणारी जुनी तेलावरची भट्टी, छताची अवस्था हे मात्र नोटरी बघत नाही. ते आपणच बघायचे, जाणकार माणूस सोबत नेऊन. आणि हे सगळे व्हायला महिने लागतात, हेही खरे.

हे लिहिताना मला माझे मामा डोळ्यांसमोर येतात. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून सांगलीजवळ प्लॉट घेतला. मुद्रांक शुल्क भरले, दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा झाला, खरेदीखत हाती आले. सातबाऱ्यावर नाव चढवायला गेले तेव्हा कळले, की तोच प्लॉट आधीच दुसऱ्याला विकलेला होता. दोन्ही दस्त रीतसर नोंदलेले. मामा आजही दिवाणी न्यायालयाच्या तारखा करत आहेत. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की विकणाऱ्याची मालकी पाहणे हे निबंधकाचे काम नाही. म्हणजे बदल करायचा तर कायद्यातच करावा लागेल.

आपल्या वृत्तपत्रात रोज जाहीर नोटिसा छापून येतात: अमुक मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, बोजा, वहिवाट, वारसा असा हक्क असल्यास इतक्या दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. सरकारकडे सातबारा आहे, मिळकत पत्रिका आहे, सूची दोन आहे, तरी साध्या माणसाला आपले घर खरोखर आपले आहे का, हे वर्तमानपत्रातून साऱ्या गावाला विचारावे लागते. रेरामुळे नव्या इमारतीतल्या ग्राहकाला थोडे संरक्षण मिळाले. जुना फ्लॅट किंवा प्लॉट घेणाऱ्याला ते मिळत नाही.

जर्मनीची सगळी व्यवस्था उचलून आणा, असे मी म्हणत नाही. मालकीची हमी देणारी नोंदवही उभी करायला वर्षे लागतील. पण तीन गोष्टी त्याआधी होऊ शकतात. खताचा मसुदा खरेदीदाराला नोंदणीच्या दोन आठवडे आधी देणे सक्तीचे करावे. नोंदणीच्या दिवशी त्यातील बोजा, गहाण आणि वहिवाटीची कलमे मराठीत वाचून दाखवावीत आणि ती समजल्याची खरेदीदाराची वेगळी सही घ्यावी. आणि दस्त नोंदताच त्या मिळकतीच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्याच दिवशी सूचना उमटावी, म्हणजे तीच जागा दुसऱ्यांदा विकायला निघालेल्याचा दस्त संगणकासमोरच अडेल. महसूल खात्याने आणि सांगली-पुण्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात यावर बोलावे, अशी माझी विनंती आहे.

— एक वाचक, ब्योब्लिंगेन, जर्मनी (मूळ सांगली)